माळ्यावरून काढलेला कॅसेटवाला टीव्ही गेम परत चालू करायचाय? प्लग लावायच्या आधी हे वाचा

दरवर्षी दिवाळीची साफसफाई झाली की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "अरे माळ्यावर आपला जुना टीव्ही गेम सापडला, तो कॅसेटवाला, पण लावला तर काहीच दिसेना." मी पहिला प्रश्न विचारतो, अडॅप्टर कोणता लावलास? उत्तर ठरलेलं असतं: मूळचा सापडला नाही म्हणून राउटरचा लावला, पिन बसली की बरोबर.

पिन बसते हो, पण तिथेच घात होतो. वीस-पंचवीस वर्षं खोक्यात पडून जे मशीन बिघडलं नाही ते परत लावायच्या पहिल्या दोन मिनिटांत जळतं. माझ्या मावसभावाचं असंच गेलं, सगळी पोरं समोर मांडी घालून बसलेली, लाल दिवा एकदा लागला, मग जळका वास आला आणि संपलं. त्या मशीनवर आम्ही मे महिन्याच्या अख्ख्या सुट्ट्या काढल्यात, एका दिवसाच्या बोलीवर भाड्याने कॅसेट आणून आणि संध्याकाळी ती परत करायला पळत जाऊन. ते मशीन पाच मिनिटांच्या तपासणीने वाचलं असतं, म्हणून सगळं क्रमाने लिहितोय. आणि यातला क्रमच महत्त्वाचा आहे, एकही पायरी पुढे-मागे करू नका.

हे सगळं नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी असलेल्या ८ बिटवाल्या मशीनबद्दल आहे. वर कुठलंही नाव छापलेलं असो, आतून ती बहुतेक वेळा निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम नावाच्या गेम मशीनची नक्कल असते आणि कॅसेटला ६० पिना असतात. नेटवर उपाय शोधताना हे डोक्यात ठेवा, कारण तिथली बरीचशी माहिती अमेरिकेतल्या एनईएसबद्दल, म्हणजे निन्टेन्डोच्या तिथल्या मशीनबद्दल असते, त्याची कॅसेट ७२ पिनांची आणि अडॅप्टर चक्क ९ व्होल्ट एसीचा, आपल्या मशीनला डीसी लागतो. तो एसीवाला आपल्या मशीनला लावला तर मशीन जाण्याचीच शक्यता जास्त.

## १. आधी सामान जमवा

साधा डिजिटल मल्टिमीटर, फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, ९९ टक्केवालं आयसोप्रोपिल अल्कोहोल म्हणजे आयपीए, कानात घालायचे कापसाचे बड्स, मऊ टूथब्रश, धागे न सुटणारं सुती कापड, आणि स्क्रू ठेवायला एक वाटी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास हे सगळं एका फेरीत मिळतं, बाकी ठिकाणी मोबाईल रिपेअरवाल्याला विचारा, आयपीए त्याच्याकडे असतंच.

काय वापरायचं नाही ते जास्त महत्त्वाचं. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यातलं अ‍ॅसिटोन प्लास्टिक विरघळवतं. पेट्रोल आणि थिनरही नको. हँड सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं आणि पिनांवर चिकट थर राहतो. पितळेची भांडी घासायचं पॉलिश तर अजिबात नको, पिना मस्त चमकतात पण त्यावरचा मुलामा निघून जातो आणि काही महिन्यांत उघडं तांबं काळं पडतं.

सावध: आयपीए पटकन पेट घेतं. देवघरात निरांजन चालू असताना शेजारच्या टेबलावर हे काम काढू नका, आणि खिडकी उघडी ठेवा.

## २. मशीन उघडा, नुसतं बघा

खालचे स्क्रू काढा, साधारण चार ते सहा असतात. प्रत्येक स्क्रू कुठून निघाला त्याचा फोटो काढा, कारण सगळे एका लांबीचे नसतात आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी पिळला की वरचं प्लास्टिक फुगून तडकतं. वरचं झाकण एकदम ओढू नका, पॉवर आणि रीसेटच्या बटणांच्या वायरी बहुतेक वेळा बारीक आणि छोट्या असतात, ओढल्या की तुटतात.

आता आत काय दिसतंय? धूळ आणि झुरळांची घाण असणारच, कोरड्या टूथब्रशने हळू झाडा. मग गोल डब्यांसारखे कपॅसिटर बघा, कुणाचं डोकं फुगलंय का, बुडाशी तपकिरी चिकट काही आलंय का. आलं असेल तर तो बदलल्याशिवाय पुढे जायचं नाही, कुठलाही टीव्ही रिपेअरवाला बदलून देतो. बोर्डाच्या मधोमध काळ्या डांबराच्या टिकलीसारखं काहीतरी दिसेल, त्याला घाबरू नका, ती जळलेली जागा नाही, त्याच्या खालीच मेन चिप आहे. तिला खरवडू बिरवडू नका, ती गेली तर मशीन गेलं.

आणि तीन पायांचा एक काळा पार्ट शोधा, मागे धातूची पट्टी असलेला, बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला स्क्रूने बसवलेला. त्यावर ७८०५ लिहिलेलं असतं. अडॅप्टरकडून आलेल्या ९ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा हाच. पुढच्या पायरीत सगळं याच्याभोवती फिरणार आहे.

## ३. अडॅप्टर: इथे घाई केली की खेळ खलास

इथे तीन गोष्टी बघायच्या, व्होल्ट, अँपिअर आणि पिनची दिशा. लोक पहिली बघतात, दुसरीला उगाच घाबरतात आणि तिसरी त्यांच्या गावीही नसते.

व्होल्ट: बहुतेक जुन्या मशीनना ९ व्होल्ट डीसी लागतात, पण मशीनच्या बुडाचं स्टिकर वाचल्याशिवाय धरून चालू नका. नंतरच्या काही स्वस्त मशीनमध्ये ७८०५ नसतोच, ती थेट ५ किंवा ६ व्होल्टवर चालतात, त्यांना ९ दिले की चिप जाते. राउटरचा अडॅप्टर बऱ्याचदा १२ व्होल्टचा असतो. ७८०५ ला १२ चालतात असं कुणी सांगेल, आणि कागदावर ते खरंही आहे, पण वरचे सगळे व्होल्ट तो उष्णतेत घालवतो. मशीन ०.४ अँपिअर ओढत असेल तर ९ व्होल्टला १.६ वॉट आणि १२ व्होल्टला २.८ वॉट, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट गरम, तेही नखाएवढ्या पत्र्यावर आणि बंद डब्यात.

अँपिअर: इथे जास्त चालतं. मशीनला जेवढं लागतं तेवढंच ते ओढतं, त्यामुळे ९ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर निर्धास्त घ्या. कमीचा मात्र नको, २०० मिलीअँपिअरवाल्यावर चित्र थरथरतं आणि माणूस कॅसेटला दोष देत बसतो.

पिनची दिशा: अडॅप्टरच्या पिनला दोन भाग असतात, आतलं भोक आणि बाहेरची नळी. काही अडॅप्टरमध्ये आत प्लस असतो, काहींमध्ये आत मायनस. हल्लीचे राउटर वगैरेंचे बहुतेक आत प्लसवाले, आणि फॅमिकॉमच्या घराण्यातल्या पुष्कळ मशीनना नेमका आत मायनस लागतो. दोन्हीच्या पिना दिसायला सारख्या, बसायलाही सारख्या.

अडॅप्टर असा तपासा: मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, लाल टोक पिनच्या भोकात, काळं बाहेरच्या नळीला. आकडा नुसता आला तर आत प्लस, आकड्याआधी मायनसचं चिन्ह आलं तर आत मायनस. दोन्ही टोकं एकमेकांना चिकटू देऊ नका.

मशीनला काय हवं ते बुडाच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, एक अर्धवट गोल, मधे ठिपका आणि दोन बाजूंना प्लस-मायनस, ठिपक्याला जोडलेलं चिन्ह म्हणजे आतलं चिन्ह. स्टिकर उडालं असेल तर मशीन उघडलेलंच आहे. मल्टिमीटर बीपवर ठेवा, प्लग लावलेला नसताना, एक टोक ७८०५ च्या धातूच्या पट्टीला लावा (ही पट्टी म्हणजेच मायनस), दुसरं टोक अडॅप्टरच्या जॅकमधल्या मधल्या काडीला. बीप वाजला तर मशीनला आत मायनस हवा. मधल्या काडीला न वाजता जॅकच्या बाहेरच्या पत्तीला वाजला तर आत प्लस. दोन्हीकडे वाजलाच नाही आणि जॅकजवळ चार डायोड (एका टोकाला पट्टा असलेले छोटे नळीसारखे पार्ट) रांगेत दिसत असतील तर त्या मशीनला दिशेचा फरक पडत नाही. चार डायोडही नाहीत आणि बीपही नाही, तर अंदाजाने लावू नका, जाणकाराला दाखवा.

आणखी एक. जुना जड, ठोकळ्यासारखा मूळचा अडॅप्टर सापडला आणि मीटरवर ९ ऐवजी १२-१३ व्होल्ट दिसले तर तो बिघडलाय असं समजून फेकू नका. आत ट्रान्सफॉर्मर असलेले अडॅप्टर रिकामे असताना जास्तच दाखवतात, मशीन जोडलं की खाली येतात. त्याची वायर तेवढी बघा, पिनजवळ आणि ठोकळ्याजवळ तडकलेली असते.

## ४. कॅसेट न लावता पहिला करंट द्या

आता प्लग लावा, पण कॅसेट नाही, टीव्ही नाही, रिमोटही नाही. मशीन उघडंच ठेवा. काळं टोक ७८०५ च्या पट्टीला धरा आणि लाल टोक तिसऱ्या पायाला, म्हणजे अक्षरं आपल्याकडे करून पाय खाली धरले तर उजवीकडच्या. ४.८ ते ५.२ च्या मधे आकडा आला पाहिजे.

थांबा: आकडा ५.५ च्या वर असेल तर लगेच बंद करा, ७८०५ गेलाय. वीस-तीस रुपयांच्या आतला पार्ट आहे, बदलून घ्या. लाल दिवा लागला म्हणजे सगळं ठीक असा अर्थ अजिबात होत नाही, दिवा तर ७ व्होल्टलाही लागतो.

पाच मिनिटं चालू ठेवा, वास घ्या. पत्रा कोमट होणं साहजिक आहे, बोट टेकवत नसेल तर मात्र काहीतरी चुकतंय.

## ५. टीव्हीला जोडणं

मशीनच्या मागे पिवळा आणि पांढरा (किंवा लाल) जॅक असेल तर एव्हीनेच जोडा, अँटेनाच्या वायरीच्या मागे लागू नका. पिवळा चित्राचा, दुसरा आवाजाचा. मशीनला आवाजाचा एकच जॅक असतो, तो टीव्हीच्या पांढऱ्यात लावा.

लोक इथे कुठे कुठे अडकतात ते सांगतो. नव्या टीव्हीवर पिवळं भोक दिसत नाही, पण हिरव्या भोकाभोवती अर्धी पिवळी कड असते, तिथेच पिवळी पिन लावायची आणि सोर्समध्ये एव्ही निवडायचं. काही टीव्हींना एकच बारीक, इअरफोनसारखं भोक असतं, त्याला त्या टीव्हीसोबत आलेलीच वायर लागते, कारण आतल्या जोडण्यांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा, दुसरी लावली की चित्राच्या जागी आवाज जातो. आणि ज्या टीव्हीला फक्त एचडीएमआय आहे त्याला छोटा कन्व्हर्टर लागतो. विकत घेताना डोळे उघडे ठेवा. "एव्ही टू एचडीएमआय" आणि "एचडीएमआय टू एव्ही" या दोन डब्या जुळ्या बहिणींसारख्या दिसतात आणि दुकानदार हाताला येईल ती देतो. आपल्याला पहिली हवी. डबीवर इनपुटच्या बाजूला पिवळा-पांढरा-लाल आहे ना, तेवढं वाचा.

फक्त अँटेनाचाच जॅक असेल तर टीव्हीत अ‍ॅनालॉग ट्यूनिंग लावा, केबल टीव्ही नाही आणि डिजिटल तर नाहीच, आणि मशीन चालू ठेवून ऑटो सर्च करा. मशीन बंद ठेवून शोधत बसणारे मी कितीतरी पाहिलेत.

तपासा: कॅसेट नसताना चालू केल्यावर करडा किंवा एखाद्या रंगाचा सपाट पडदा, नाहीतर चौकोनांचा कचरा दिसला तर खूश व्हा, मशीन जिवंत आहे. चित्र काळं-पांढरं आलं तर टीव्हीची कलर सिस्टीम ऑटोवरून पाल (PAL) वर करून बघा, मग एनटीएससी. चित्र आडवं ताणलेलं दिसत असेल तर ४:३ करा, आणि गेम मोड असेल तर तो लावाच, नाहीतर उडी मारायचं बटण दाबल्यावर माणूस खड्ड्यात पडल्यानंतर उडी मारतो.

## ६. कॅसेट: फुंकर मारायची नाही

आपण सगळ्यांनी मारलीय. कॅसेट काढायची, हार्मोनिकासारखी तोंडाजवळ धरून फू करायचं, परत लावायची, आणि चालायची! ती फुंकरीने नाही चालायची, काढून परत लावल्यामुळे पिना नवीन जागी घासायच्या म्हणून चालायची. फुंकरीतून जायची ती थुंकी, आणि तिनेच पिनांवर गंज धरलाय.

बडचं टोक आयपीएत बुडवा, निथळू द्या आणि पिनांच्या लांबीच्या दिशेने घासा, वरून खाली. आडवं घासलं की एका पिनेची घाण शेजारच्या फटीत जाते. पहिला बड फिरवलात की त्यावर बारीक काळ्या रेघा उमटतील, अगदी वहीच्या रेघांसारख्या, एकेक रेघ म्हणजे एकेक पिन. दुसऱ्या बडवर त्या करड्या होतील, तिसऱ्या-चौथ्यावर नुसता ओलसर पांढरा कापूस. तो पांढरा आला की थांबा. दोन्ही बाजू करा, ३० इकडे, ३० तिकडे, मागची बाजू लोक हमखास विसरतात. दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या.

हिरवट डाग राहिलेच तर पांढऱ्या खोडरबराने, अगदी हलक्या हाताने, दोन-तीनदाच, आणि चुरा झटकून परत आयपीए. निळा-लाल खोडरबर नको, त्याची निळी बाजू सँडपेपरसारखी घासते.

मग मशीनमधला खाचा. त्यात सुई, पिन, स्क्रू ड्रायव्हर काहीही घालू नका, आतल्या पत्त्या एकदा वाकल्या की त्यांची पकड जाते. जुन्या प्लास्टिक कार्डावर सुती कापडाचा एकच पदर गुंडाळा, आयपीएने ओला करा आणि सरळ आत, सरळ बाहेर, दहा-बारा वेळा. जोर लावावा लागला तर कापड जाड आहे.

कॅसेट लावताना आणि काढताना मशीन बंदच पाहिजे. लहानपणी चालू मशीनमधून कॅसेट खेचून पडद्यावर रंगीबेरंगी कचरा बघायला मजा वाटायची, पण त्याने कॅसेटची चिप जाऊ शकते. सरळ दाबा, डावी-उजवीकडे हलवत घुसवू नका.

तपासा: एक कॅसेट चालली नाही म्हणून मशीनला दोष देऊ नका, निदान तीन लावून बघा. तिन्हींत सारखाच कचरा दिसला तर खाचा परत साफ करा. दोन चालल्या आणि एक नाही, तर ती एकच मेलीय. त्या "९९९९९९९ इन १" वाल्या स्वस्त कॅसेटमध्येही आत काळी टिकलीच असते, ती गेली की दुरुस्ती नाही, पण कव्हर जपून ठेवा, त्यावरची चित्रं परत मिळणार नाहीत.

## ७. रिमोट

आधी रोगनिदान, मग स्क्रू ड्रायव्हर. एकच बटण चालत नाही: आतला रबर. सगळीच बटणं मेलीत, किंवा वायर हलवली की चालतात: वायर तुटलीय, आणि ती दहातल्या आठ वेळा रिमोटच्या तोंडाशी नाहीतर पिनजवळ तुटते. माणूस आपोआप उड्या मारतोय: टर्बोचं बटण अडकलंय. आणि दोन नंबरच्या रिमोटला स्टार्ट-सिलेक्ट नाहीये म्हणून तो अर्धवट समजू नका, मूळ फॅमिकॉमलाही दुसऱ्या रिमोटवर ती बटणं नव्हती.

रिमोट पालथा धरून उघडा, म्हणजे बटणं जागेवर राहतात. बोर्डावरचे काळे ठिपके आयपीएच्या जेमतेम ओल्या बडने हळूच पुसा. रबराखालच्या काळ्या टिकल्या मात्र कोरड्या कापडाने, कारण तो कार्बनचा थर आहे आणि घासला की निघतो. टिकली झिजलीच असेल तर टीव्हीच्या जुन्या रिमोटमधल्या रबराची टिकली कापून बारीक थेंबभर सिलिकॉन गमने बसवा, हे वर्षानुवर्षं टिकतं. पेन्सिलीचं शिसं घासायचा उपाय आठवडाभर चालतो, पाहुणे येणार असतील तर ठीक.

वायर तुटली असेल तर तुटलेल्या जागेच्या दोन इंच पुढून कापा आणि आतल्या बारीक वायरी रंग जुळवून परत डाग द्या. कापायच्या आधी फोटो! दुसरा रिमोट चालू असला तरी त्याचे रंग बघून जोडू नका, एकाच खोक्यातल्या दोन रिमोटचे रंग वेगळे असलेले मी पाहिलेत.

सावध: ९ पिनांचा दुसऱ्या गेमचा, उदाहरणार्थ सेगाचा रिमोट याला बसतो म्हणून लावू नका, आतली जोडणी वेगळी असते.

## ८. बंदूक

बदकं मारायच्या गेमची बंदूक एलईडी-एलसीडी टीव्हीवर चालणार नाही, कितीही साफ करा. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदुकीच्या नळीतला डोळा तो चौकोन दिसला का ते बघतो, हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. मोठ्या डबा टीव्हीवर चित्र जागच्या जागी उमटतं, नव्या टीव्हीत ते थोडं उशिरा येतं, तेवढ्यात बंदुकीची वेळ निघून जाते. म्हणून गावी एखादा जुना डबा टीव्ही चालू असेल तर भंगारात देऊ नका. पण तो स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही आत विजेचा जीवघेणा दाब साठून राहतो.

## ९. खेळून झाल्यावर

परत खोक्यात टाकताना वायरी मशीनभोवती गुंडाळू नका. वायरीतलं मऊ प्लास्टिक वर्षानुवर्षं टेकून राहिलं की मशीनच्या प्लास्टिकमध्ये चर पाडतं, खूप जणांच्या मशीनवर सापासारखे खड्डे दिसतात ते त्याचेच. रिमोटच्या वायरीची सैल वेटोळी करा आणि वेगळ्या पिशवीत ठेवा. रबर बँड नको, तो वितळून चिकटतो. कोकणात किंवा मुंबईत असाल तर पावसाळ्याआधी सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या टाका, आणि कॅसेटची तोंडं खाली करून ठेवा म्हणजे धूळ बसत नाही.

पिवळं पडलेलं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवून पांढरं करतात, पण मी ते करायला सांगणार नाही. चट्टे पडतात, छापलेली अक्षरं फिकी होतात आणि काही वर्षांनी पिवळेपणा परतही येतो. साबणाच्या पाण्याने वरचं कव्हर धुवा, सावलीत वाळवा, पुरे.

आणि चालणारा अडॅप्टर सापडला की त्याच्या ठोकळ्यावर पांढरी पट्टी चिकटवून पक्क्या शाईने लिहा, "टीव्ही गेमचा, ९ व्होल्ट, आत मायनस" (तुमच्या मशीनला जे असेल ते). मग तो मशीनच्याच खोक्यात ठेवा, अडॅप्टरच्या खणात नाही.